अठराव्या शतकातल्या गरीब बाळाच्या अंगावर आतून काय असायचं?

टाकादोरा

नमस्कार मंडळी. मी बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी हे रोजचं काम. त्यामुळे लहान मुलांचा जुना कपडा कुठेही दिसला की आधी तो उलटा करून आतली शिवण बघावीशी वाटते. संग्रहालयांतून जे बघायला मिळतं ते बहुतेक बारशाचं, लेस लावलेलं, श्रीमंताघरचं असतं. अंगाला लागून असलेला साधा कपडा मात्र सापडत नाही. कारण उघड आहे. तो थोरल्याचा धाकट्याला जायचा, मग शेजारणीच्या बाळाला, मग त्याचे लंगोट व्हायचे, मग पुसायची फडकी. युरोपात तर उरलेल्या चिंध्याही विकल्या जायच्या, कारण त्या काळी तिथला कागद चिंध्यांच्या लगद्यापासूनच बनायचा. म्हणजे गरिबाच्या बाळाचा आतला कपडा मागे राहण्याची काही सोयच नव्हती.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढते आहे.

लंडनमध्ये थॉमस कोरम नावाच्या जुन्या दर्यावर्दी माणसाने बरीच वर्षं खटपट करून 1739 मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटलची सनद मिळवली. नाव हॉस्पिटल असलं तरी ते टाकून दिलेल्या, किंवा सांभाळणं शक्य नाही म्हणून आईने आणून दिलेल्या बाळांचं अनाथालय होतं. 25 मार्च 1741 च्या रात्री पहिली 30 बाळं घेतली गेली. आईचं नाव विचारायचं नाही असा नियम होता. मग उद्या ती परत आली तर तिचं मूल ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक बाळामागे एक छापील कागद भरला जायचा आणि त्यावर बाळाच्या अंगावरच्या कपड्यांची यादी असायची. कारकून त्या त्या शब्दापुढे वर्णन लिहायचा. पुष्कळदा बाळाच्या बाहीचा किंवा झग्याचा एक तुकडा कापून तिथेच टाचणीने लावून ठेवायचा. असे सुमारे 5,000 कापडाचे तुकडे आजही त्या कागदांच्या वह्यांमध्ये आहेत, लंडन शहराच्या अभिलेखागारात. फुलाफुलांची छापील सुती कापडं, चौकडी, पट्टे, फ्लॅनेल, रेशमी फितीसुद्धा. इतक्या गरीब बायकांची रोजची कापडं इतक्या संख्येने दुसरीकडे कुठेही टिकलेली नाहीत.

त्या छापील यादीतले शब्द बघा: कॅप, बिगिन, फोरहेड-क्लॉथ, हेड-क्लॉथ, लाँग-स्टे, बिब, फ्रॉक, अप्पर-कोट, पेटीकोट, बॉडिस-कोट, बॅरो, मँटल, स्लीव्ह्ज, ब्लँकेट, नेकक्लॉथ, रोलर, बेड, वेस्टकोट, शर्ट, क्लाउट, पिल्च, स्टॉकिंग्ज, शूज. आणि सगळ्यांत खाली, अंगावरच्या खुणा.

ही एवढी सगळी वस्त्रं प्रत्येक बाळाच्या अंगावर नसायची. पण कारकुनाला छापील यादी लागावी इतकी ती सर्वसामान्य होती. आतून बाहेर जायचं तर आधी क्लाउट, म्हणजे आपला लंगोट, लिननचा किंवा सुती. त्यावर पिल्च, हे लोकरी कापडाचं जाड वेष्टण, ओल बाहेर येऊ नये म्हणून. पोटाला रोलर, बेंबीवरून गुंडाळायची लांब पट्टी. अंगात पातळ लिननचा, पुढून उघडा शर्ट. त्यावर बॅरो, म्हणजे फ्लॅनेलचं वस्त्र. ते छातीपाशी गुंडाळायचं आणि खाली पायांच्या पलीकडे उरलेला भाग वर दुमडून टाचायचा. डोक्याला अंगालगतचं टोपडं म्हणजे बिगिन, कपाळावर त्रिकोणी पट्टी, त्यावर बाहेरची टोपी. बाह्या सुट्या असायच्या.

सुट्या बाह्या! बाळाचं दूध ओघळलं, बाही खराब झाली, की सगळं अंग उघडं न करता तेवढी बाही बदलायची. हे ज्या कुणी बाईने पहिल्यांदा केलं तिला मी मनापासून मानते.

मला या यादीतून जे दिसतं ते असं. त्या काळच्या मुलांचे आतले कपडे ठरले ते तीन गोष्टींवरून: ओल, थंडी, आणि कापड किती महाग त्यावरून. लाज-लज्जा, मुलगा-मुलगी हा भाग पुष्कळ नंतरचा. तुमच्याकडे याविषयी काही माहिती असेल, घरातल्या जुन्या आठवणी असतील, तर जरूर लिहा.

---

भातुकली

ताई, वाचताना पोटात कालवलं. एक विचारू का? परत न्यायला किती आया आल्या?

---

टाकादोरा

फार थोड्या. 1741 ते 1760 या काळात 16,282 बाळं घेतली गेली आणि त्यांतली फक्त 152 परत नेली गेली. 1756 ते 1760 मध्ये सरकारी मदतीच्या अटीमुळे येईल ते प्रत्येक बाळ घ्यावं लागलं. त्या चार वर्षांत जवळपास 15,000 बाळं आली आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश दगावली.

पण एक नोंद सांगते. 1767 च्या फेब्रुवारीत एक मुलगा आला. त्याच्याबरोबर कापडाचे तुकडे जोडून केलेल्या, सुया ठेवायच्या घडीचा अर्धा भाग होता, त्यावर भरतकामाचं बदाम (हृदयाचा आकार), तेही अर्धं कापलेलं. उरलेला अर्धा आईने स्वतःजवळ ठेवला. सारा बेंडर तिचं नाव. 1775 मध्ये ती परत आली आणि आपल्या मुलाला घेऊन गेली. आठ वर्षांनी! त्या तुकड्याचा फोटो मी कितीदा पाहिला असेन. वेगवेगळ्या छपाईच्या सुती कापडांचे तुकडे आहेत, आपल्या गोधडीसारखे.

---

रानजाई

फार सुंदर धागा. आमच्या घरी (सातारा भाग) बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालतच नसत. आजीचं म्हणणं, नव्या कापडाची खळ टोचते. धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं फाडायचं, त्याचीच दुपटी, त्याचेच लंगोट. नऊ वार कापडात बाळाचा बराचसा संसार निघायचा. काठ वेगळे काढून त्याच्या बांधायच्या पट्ट्या. झबलंसुद्धा एखाद्या सुदृढ मुलाचं मागून आणलेलं चांगलं मानत.

ज्या घरात मुलं जगत नसत तिथे हे मागून आणणं जास्तच. पाच घरचं कापड मागायचं, त्याचं अंगडं शिवायचं, मुलाचं नाव भिकू किंवा धोंडू ठेवायचं, काही ठिकाणी मुलाचं नाक टोचायचं. हे मूल आमच्या मोलाचं नाही असं सटवाईला दाखवायचं. यामागे किती पोरं गमावल्याचं दुःख असेल. तुमच्या वह्यांमधल्या आया आठवून हे लिहावंसं वाटलं.

---

धोपटमार्गी

माहिती चांगली आहे, पण मला यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. तान्ह्या बाळाला इतक्या थरांत गुंडाळून, वर टोप्यांवर टोप्या चढवून, पट्टीने आवळून ठेवायचं, हा शुद्ध अडाणीपणा होता. त्याच काळात आपल्याकडची पोरं उघडी-वाघडी उन्हात खेळत होती आणि निरोगी होती.

---

टाकादोरा

धोपटमार्गी, उघडं राहायला ऊन लागतं. 1739-40 चा हिवाळा युरोपातल्या सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी एक होता. लंडनमध्ये थेम्स नदी गोठली आणि बर्फावर दुकानं लागली. त्यानंतरच्या वर्षी हे अनाथालय उघडलं. कोळसा महाग, एकाच खोलीत आठ माणसं, खिडकीतून वारं. त्या आईने बाळाला गुंडाळलं तर मी तिला अडाणी म्हणणार नाही.

आवळून बांधण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि ते त्या काळच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. विल्यम कॅडोगन या डॉक्टरने 1748 मध्ये बाळांच्या संगोपनावर एक निबंध लिहिला, तो याच फाउंडलिंग हॉस्पिटलच्या एका विश्वस्ताला उद्देशून. त्याचं म्हणणं होतं की कपड्यांचं ओझं आणि उष्णता यांनीच बाळं हैराण होतात. बिनबाह्यांची फ्लॅनेलची बंडी, मागून सैल बांधलेली, तिलाच जोडलेला परकर, वर एक हलका झगा, एवढं पुरे. बूट-मोजे नकोत. आणि कपडे वारंवार बदला. आजही मी याच तत्त्वावर झबलं शिवते.

विचारवंत रूसोने 1762 च्या 'एमील' या शिक्षणावरच्या पुस्तकात बाळांना आवळून बांधण्यावर कडक टीका केली आणि ती जास्त गाजली, पण कॅडोगन त्याच्या चौदा वर्षं आधीचा.

---

कऱ्हाकाठ

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून बांधण्याबद्दल लिहितो.

जुन्या युरोपात बाळाचे हात शरीराला चिकटवून, पाय सरळ ताणून, खांद्यापासून पावलापर्यंत पट्टी गुंडाळत. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या दर्शनी कमानींवर आंद्रेआ देला रोब्बिया या शिल्पकाराची निळ्या पार्श्वभूमीवरची बाळं आहेत, पंधराव्या शतकाच्या अखेरची. फोटो शोधून पाहा, त्यांच्या अंगावरच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. हाडं वाकडी होऊ नयेत अशी त्यामागची समजूत होती.

प्रत्यक्षात धोका उलटा आहे. तान्ह्या बाळाच्या खुब्याचा सांधा अजून कच्चा असतो. पाय सरळ आणि जुळवून बांधले तर मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून सरकू शकतो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास पाय ताणून बांधू नका अशी देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण खूपच खाली आलं. आपल्याकडे बाळ कडेवर घेतात, पाय फाकलेले असतात, ती स्थिती खुब्याला अगदी योग्य.

दुपट्यात बांधायला माझा विरोध नाही. बाळ शांत झोपतं, दचकून उठत नाही. फक्त कमरेखाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, आणि झोपवायचं पाठीवरच.

---

भातुकली

डॉक्टर, हे आमच्या सुईणीला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती बांधायची मात्र असंच.

---

नदीपलीकडे

कॅनडातून लिहिते आहे. पिल्च वाचून आनंदाने उडालेच. माझ्या मुलीला मी कापडी लंगोट वापरले आणि रात्री त्यावर लोकरी चड्डी. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल आत धरून ठेवते आणि तरी हाताला कोरडी लागते. लॅनोलिन (लोकरीतलाच मेणासारखा तेलकट पदार्थ) चोपडलं की पाणी बाहेर येत नाही. प्लास्टिकच्या चड्डीने लाल होणारी कातडी लोकरीत सुधारली. तेव्हा त्या बायकांना हे अनुभवाने माहीत होतं तर!

धुण्याचं काय करायचे पण? साबण परवडत होता?

---

टाकादोरा

साबणावर इंग्लंडमध्ये कर होता, त्यामुळे तो जपूनच. पांढरे कपडे लाकडाच्या राखेच्या क्षारपाण्यात भिजवून, चोपून धुवायचे. आपल्याकडे परीट भट्टी लावायचे तसंच. पण असं मोठं धुणं रोज निघत नसे. पुष्कळ घरांत ओला लंगोट नुसता शेकोटीपुढे वाळवून पुन्हा बांधत. कॅडोगन 'वारंवार बदला' म्हणतो तो त्यासाठीच.

---

बखरीचं पान

आता थोडी मोठी मुलं घेऊया. टाकादोरा म्हणतात ते तत्त्व तिथेही लागू पडतं.

सोळाव्या शतकापासून थेट पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेपर्यंत युरोपात मुलगेही झगे घालत. चार ते सात वर्षांच्या दरम्यान कधीतरी त्यांना पहिली विजार मिळे आणि तो घरातला मोठा समारंभ असे. फ्रान्सचा तेरावा लुई 1601 चा. त्याच्या लहानपणाची रोजनिशी त्याचा वैद्य एरोआर याने लिहून ठेवली आहे. राजा होणाऱ्या मुलालाही झगा सोडून विजार मिळायला सातवं वर्ष उजाडावं लागलं. व्हॅन डाइकने 1635 मध्ये काढलेल्या चित्रात इंग्लंडचा भावी दुसरा चार्ल्स पाच वर्षांचा आहे, पायघोळ झग्यात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा 1884 चा फोटो तर सर्वत्र आहे, अडीच वर्षांचे, झगा आणि खांद्यापर्यंत केस.

1679 मध्ये लेडी अ‍ॅन नॉर्थ या आजीने आपल्या मुलाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. आई नसलेला छोटा फ्रँक, त्याला पहिली विजार घालायला शिंपी आला आहे, सगळं घर गोळा झालंय. कुणाला काय वाटलं, पोराने काय काय घालून पाहिलं, सगळं आजी मन लावून लिहिते. शिंपी लागायचाच, कारण त्या काळची विजार म्हणजे नाड्या, बंद आणि बटणांचं जंजाळ. आता तीन वर्षांच्या मुलाला घाईची लागली तर तो हे सोडणार कधी? झगा वर केला की काम झालं. आत काही नाहीच. वाढत्या अंगाला झगा दोन-तीन वर्षं पुरतो, कडेची दुमड सोडली की लांब होतो. इतकं साधं कारण आहे. मुलाला मुलीसारखं नटवण्याचा तो प्रकार नव्हता.

---

शिवारवाट

"आत काही नाहीच" म्हणजे? चड्डी कधी आली मग?

---

बखरीचं पान

युरोपात बायकांना आणि मुलांना आतून चड्डी ही एकोणिसाव्या शतकाची गोष्ट आहे. त्याआधी अंगाला लागून गुडघ्यापर्यंतचा लिननचा सदरा, तेच अंतर्वस्त्र, तेच रात्रीचं वस्त्र. विजार घालणारे मुलगे आणि पुरुष सदऱ्याचा लांब घोळ पायांमधून घेऊन आत खोचत. चड्डी तीच.

1800 च्या सुमारास पातळ मलमलचे, अरुंद घेराचे झगे आले. लहान मुलींचे झगे आखूड झाले, मग पाय झाकायला पँटालेट्स, म्हणजे झग्याखाली घोट्यापर्यंत दिसणारी झालरवाली विजार. काहींना तर कंबरच नसे, नुसते दोन पायजम्यासारखे पाय, गुडघ्याला फितीने बांधलेले. दिसायला पूर्ण, आत मोकळं. पुढे मुलांच्या चड्ड्या वरच्या बंडीला बटणांनी अडकवायची पद्धत आली, मागची झडप तेवढी सोडता येई. इलास्टिक नव्हतं, आणि मुलांना कंबर नसतेच, त्यामुळे सगळं खांद्यावरून पेलायचं. 1908 पासून इंग्लंडच्या मार्केट हारबरो गावात तयार होणारी लिबर्टी बॉडिस ही मऊ बंडी याच कामाची. तिच्या आधी लहान मुलींना, आणि विजार मिळेपर्यंत मुलग्यांनाही, टाके घालून कडक केलेल्या चोळ्या आवळत असत. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या अशा चोळ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या पाहून वाईट वाटतं.

---

पैठणवेस

आपल्याकडे कंबरेचा प्रश्न करगोट्याने सोडवला! काळा दोरा किंवा चांदीचा करगोटा, त्यात पुढून-मागून खोचलेली लंगोटी. अंग वाढलं तरी दोरा बदलला की झालं. ना शिवण, ना बटण. मुलगी असेल तर थोडी मोठी झाल्यावर चिरडी किंवा परकर-पोलकं, मुलाला बंडी. मांजरपाटाच्या नाड्याच्या चड्ड्या शाळेबरोबर आल्या.

मी हैदराबादला वाढले. तिथल्या तेलुगू घरांत लहान मुलींच्या करगोट्याला पुढे चांदीचं पान लटकवत, सिग्गुबिळ्ळा म्हणत. तमिळ घरांत त्याला अरैमुडी. अंगावर दुसरं काही नाही, फक्त ते पान. तेव्हा टाकादोराताई, लाजेचा भाग सगळाच नंतरचा आहे असं नाही वाटत मला. मुलींच्या बाबतीत तो लवकर येतो.

---

टाकादोरा

पैठणवेस, हे महत्त्वाचं आहे, आणि मला पटतं. उष्ण प्रदेशात थंडी बाजूला झाली की उरतात ओल, कापडाची किंमत, आणि मग नजर. सिग्गुबिळ्ळा हे नजरेचं उत्तर आहे.

---

धोपटमार्गी

टाचण्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. सेफ्टी पिन नव्हती ना तेव्हा?

---

टाकादोरा

नव्हती. आजची सेफ्टी पिन वॉल्टर हंट या अमेरिकन माणसाची, पेटंट 1849 चं. त्याआधी बाळाचे कपडे सरळ टाचण्यांनी टाचत किंवा फितीने बांधत. टाचणी टोचून बाळ रडतंय आणि कुणाला कळत नाहीये ही त्या काळच्या आयांची खरी भीती होती. म्हणून मी अजूनही झबल्याला बंदच लावते. हुक नाही, बटण नाही.

---

कऱ्हाकाठ

कपड्यांमुळे होणाऱ्या इजांचाच विषय निघालाय तर फ्लॅनेलेट आठवलं. खऱ्या लोकरी फ्लॅनेलची नक्कल म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे स्वस्त सुती कापड आलं. वरून खरवडून मऊ केलेलं, उबदार, गरिबाला परवडणारं. घरोघर मुलांचे रात्रीचे झगे त्याचेच. पण त्या सुती लवेवर ठिणगी पडली की आग क्षणात सगळ्या अंगावर पसरे. उघड्या शेकोटीपुढे उभी असलेली कितीतरी मुलं इंग्लंडमध्ये अशी भाजून गेली. विल्यम पर्किन (रंगांचा शोध लावणाऱ्या पर्किनचा मुलगा) याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न पेटणारं फ्लॅनेलेट तयार केलं, पण ते महाग पडे. 1913 मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला की साध्या कापडाला 'न पेटणारं' म्हणून विकायचं नाही. जुन्या पद्धतीत लोकरच सुरक्षित होती, ती सहज पेट घेत नाही. स्वस्ताईने मुलांचा जीव घेतला हे मला फार लागतं.

---

बखरीचं पान

आणि त्या वह्यांमधल्या छापील सुती कापडांमागे आपला संबंध आहे. भारतातून जाणाऱ्या छिटांनी इंग्लंडच्या बायकांना इतकं वेड लावलं की तिथल्या लोकर आणि रेशीम विणकरांनी ओरड केली. 1721 मध्ये कायदा झाला, छापील सुती कापड अंगावर घालायला बंदी. ती 1774 पर्यंत होती. मग तिथल्या कारखानदारांनी लिननचा ताणा आणि सुताचा बाणा असं मिश्र कापड विणून त्यावर आपल्या धर्तीची फुलं छापली. अनाथालयात आलेल्या बाळांच्या बाह्यांवर ती फुलं आहेत.

---

रानजाई

हे वाचून कपाट उघडलं. पणजीच्या हातची खणाची कुंची आहे, आत जुन्या लुगड्याचं अस्तर. ताई, मोजमाप हवं असेल तर देते.

---

टाकादोरा

हवंच! कपाळाकडची लांबी, मागच्या पदराची लांबी, आणि मानेशी चुणी घातली आहे की कळी, एवढं बघा. अस्तराच्या शिवणीचा फोटो आतल्या बाजूने काढा, धावदोरा आहे की हातशिलाई ते कळेल. धुऊ नका, इस्त्रीही नको. डांबरगोळी काढून सुती पांढऱ्या कापडात सैल गुंडाळून ठेवा, घडी मात्र दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवरच विरते. आणि बाकीच्यांनीही आपापल्या भागातली कुंची कशी असते ते लिहा. कोकणातली आणि विदर्भातली मी अजून नीट पाहिलेली नाही.

---

शिवारवाट

वर्ध्याची आहे आमच्याकडे, आईला विचारून उद्या फोटो टाकतो. मागचा पदर कमरेच्या खाली येतो एवढं आठवतंय.